सव्वापाचनंतरचा सिनेमा

२००८ च्या जानेवारीत समुद्रपूरच्या रूपराव नावाच्या गृहस्थांनी मला एक साधा प्रश्न विचारला, आणि मी दोन दिवस कॉम्प्युटरच लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवला. प्रश्न असा होता : 'सर, हा सिनेमा आपण कोणत्या टॉकीजमध्ये पाहिला?'

खरं उत्तर होतं, कोणत्याच नाही.

मी देवळीच्या एका शाळेत एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. मुलं मला सर म्हणत, पण मी शिकवलं कोणालाच नाही. पुस्तकं दिली आणि परत घेतली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी मुलगा योगेंद्र त्याचा जुना कॉम्प्युटर घेऊन पुण्याहून आमच्या वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या घरी आला, इंटरनेट जोडून दिलं आणि म्हणाला, "बाबा, आता ब्लॉग लिहा." मी म्हटलं, माझ्याजवळ लिहिण्यासारखं काय आहे? तो म्हणाला, "बाकीच्यांजवळ तरी काय असते?" या वाक्यानं मला धीर आला.

ब्लॉगचं नाव ठेवलं 'चूल आणि पडदा'. आठवड्याला एक पदार्थ, एखादा सिनेमा, आणि इंटरनेटवर सापडलेली एखादी गंमत. यातली गंमत तेवढी माझी. एकदा आकाशातून जमीन दाखवणारी साइट सापडली. तिच्यात आमची गच्ची दिसत होती आणि गच्चीवर एक पांढरा ठिपका. "माह्या कुरड्या हायेत त्या," माझी बायको प्रमिला म्हणाली, आणि वरून कोणी पाहतं म्हटल्यावर वाळवणाखाली फाटकं लुगडं घालायचं तिनं बंद केलं.

पदार्थ आणि सिनेमे मात्र सगळे तिचे. मी जन्मात गॅस पेटवला नव्हता. म्हणून कृती लिहिताना 'घ्यावे', 'परतावे', 'झाकण ठेवावे' असं लिहीत असे. असं लिहिलं की कोणी परतलं हे सांगावं लागत नाही. सिनेमाचंही तसंच. टॉकीजच्या अंधारात लोक पायांवरून जायला लागले की पाय आत घ्यावे की उभं राहावं, हे मला कधी ठरवता आलं नाही. त्यामुळे मी जातच नसे. प्रमिला शेजारच्या नलूबाईंबरोबर तीनच्या खेळाला जायची. मुलं मोठी झाल्यापासून, म्हणजे ब्याण्णव-त्र्याण्णवपासून, महिन्यातून एक-दोनदा. घरी येऊन ती आधी चहा ठेवी, आणि मग सोलेभातासाठी तुरीच्या शेंगा सोलता सोलता किंवा भाजी निवडता निवडता मला सिनेमा सांगे. मी वही घेऊन पाटावर बसे.

तिला सिनेमांची नावं लक्षात राहत नसत. 'तो वकिलाचा', 'तो दोन बहिणीचा' असं ती म्हणे. नाव मी पेपरात पाहून घेई. सांगायची मात्र अशी, की मधेच फोडणी टाकली तर मला फोडणीचा राग येई, कारण तेवढ्यात कोणी काय म्हटलं ते ऐकू यायचं नाही. तिच्या सगळ्या सिनेमांच्या शेवटी लोक जेवायला बसत, आणि ताटात काय वाढलं होतं तेही तिला माहीत असे. मला वाटे, हल्लीचे दिग्दर्शक बारकाव्यांकडे फार लक्ष देतात. तसं मी एकदा लिहिलंही होतं.

आता रूपरावांचं पत्र. ब्लॉगखाली त्यांनी लिहिलं होतं : 'आपण लिहिले की धाकटा भाऊ धरणातून वाचतो व शेवटी सर्व जण सोलेभात खायला बसतात. माझ्या आईला सिनेमात कोणी मेलेले चालत नाही. आपल्या भरवशावर तिला एसटीने वर्ध्याला नेले. धाकटा भाऊ मेला. सोलेभात कुठेच नव्हता. आई बसमध्ये समुद्रपूर येईपर्यंत रडली. सर, हा सिनेमा आपण कोणत्या टॉकीजमध्ये पाहिला? तिथे शेवट वेगळा दाखवतात काय? कृपया टॉकीजचे नाव कळवावे, तिला तिथे नेतो.'

यात टोमणा असता तर बरं झालं असतं. पण माणूस खरोखरच पत्ता विचारत होता.

चौथ्या दिवशी टॉवेल काढला आणि शोधाशोध केली. कुण्या परदेशी माणसाची साइट सापडली. त्यानं हिंदी सिनेमांच्या गोष्टी शेवटासकट लिहून ठेवल्या होत्या. कशासाठी, देव जाणे. मी माझे चौदा लेख त्याच्यासमोर धरून पाहिले. पडद्यावर मेलेली आणि माझ्या ब्लॉगवर सुखरूप असलेली सात माणसं निघाली, आणि एक कुत्रा. एक मोडलेलं लग्न आमच्याकडे जुळलं होतं. एका खलनायकाला तिकडे पोलिसांनी गोळी घातली होती; माझ्या लेखात त्यानं पिठाची गिरणी टाकली होती.

मध्यांतरापर्यंत सगळं अगदी बरोबर होतं. पुढेही बराच वेळ बरोबर होतं. शेवट तेवढे तिचे होते.

आता तिला विचारायचं कसं? विचारलं असतं तर ती ओशाळली असती आणि पुन्हा कधी सिनेमा सांगितला नसता. आणि खरं सांगायचं तर चहानंतरचा तो तास सोडला तर माझ्या दिवसात दुसरं काही नसतं. न विचारावं तर रूपरावांना काय कळवू? एका म्हाताऱ्या बाईला मी समुद्रपूरपर्यंत रडवलं होतं. मी ठरवलं, विचारायचं नाही. एकदा सोबत जाऊन पाहायचं, ती शेवट पाहते तरी कसा. कदाचित डोळे मिटून घेत असेल.

शुक्रवारी मी पायजमा बदलून दारात उभा राहिलो. "मीबी येतो," म्हटलं.

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "काऊन जी? डॉक्टरनं सांगतलं काय?"

"नाई. असंच."

"असंच तर तुमी कोपऱ्यावरच्या दुकानातबी जात नाई." आणि कुंपणापलीकडे तोंड करून ओरडली, "नलू, आटोत तीन जण हावो आज!"

नलूबाई आल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सर, वाट चुकली का काय? वाचनालय तिकडं हाये."

टॉकीजमध्ये लोक पायांवरून गेलेच. मी एकदा पाय आत घेतले, एकदा उभा राहिलो, आणि दोन्ही वेळा चुकलो. पण दिवे गेल्यावर मला सिनेमा आवडायला लागला. एक म्हातारा पोस्टमन होता; त्याचा मुलगा हरवला होता आणि तो गावोगाव पत्रं टाकत मुलाला शोधत होता. प्रमिलानं पिशवीतून फुटाणे काढून माझ्या हातात दिले. पोस्टमन एका घाटाशी आला. खाली नदीकाठी एक माणूस पाठमोरा उभा होता. मी फुटाणे चावायचे थांबवले.

तेवढ्यात माझ्या कोपराला हात लागला. "चला."

"कुठं?"

"सव्वापाच झाले."

पाहतो तर नलूबाई चपला घालून, पिशवी खांद्याला लावून रांगेच्या टोकाशी पोचल्याही होत्या. "ताई, उठा लवकर, आटो मिळत नाई मंग."

"अवो, पण सिनेमा संपला नाई," मी म्हटलं.

"थो काय कधी संपते?" प्रमिला म्हणाली. "साडेपाचले तुमचा चहा हाये ना."

असं म्हणून ती दोन पावलं गेली. मग थांबली. मी खुर्चीतच होतो, हातात फुटाणे. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि नलूबाई आमच्या दोघांकडे.

"ताई," नलूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "चहा पेणारा तर इथंच बसला हाये! घरी जाऊन कोणाले देता, पंख्याले?"

मागची रांग हसली. कोणीतरी म्हणालं, "बसा वो बाई, नाईतर आमाले तरी पाहू द्या." दोघी बसल्या. तरी मला पडदा दिसेनासा झाला होता.

देवळीची एसटी मला रोज साडेपाचला घरी सोडायची, म्हणून आमच्याकडे चहा साडेपाचला. दोन हजार एक साली नोकरी संपली, बस संपली. चहा साडेपाचलाच राहिला. मी कधी तो मागितला नाही, आणि कधी नको असंही म्हटलं नाही. पंधरा-सोळा वर्षांत तिनं एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता.

"तू कधी बोलली नाई," मी अंधारात हळूच म्हटलं.

"काय बोलायचं? तुमीबी कधी म्हटलं नाई का लवकर ये. पण पाच वाजले का तुमी खुर्ची दाराकडं फिरवता. मले इथं बसून दिसते थे."

मग आम्ही शेवट पाहिला. नदीकाठचा माणूस दुसराच कोणी निघाला. पोस्टमन परत घाट चढायला लागला आणि वरच्या पायरीवर बसला, तो उठलाच नाही. दिवे लागले. प्रमिला जागेवरून हलली नाही.

"हे काय बाई? मारलाच?"

"मारला," नलूबाईंनी डोळे पुसले.

"एवढ्याचसाठी लोक सहा वाजेपर्यंत बसून राह्यतेत?"

 घरी आल्यावर मी तिला म्हटलं, तू बस, चहा मी करतो. तिनं अडवलं नाही. पाटावर बसली, माझ्या जागेवर.

गवती चहाच्या चहावर मी वर्षापूर्वी ब्लॉगवर एक लेख लिहिला होता. अमेरिकेतल्या एका बाईनं तो वाचून चहा करून पाहिला होता आणि 'मला घरची आठवण आली' असं कळवलं होतं. मला गॅस पेटवायला चार काड्या लागल्या.

"साखर कुठं हाये?"

"तुमीच लिवलं हाये ना, 'साखर हाताशी ठेवावी'. पाहा, हाताशी हाये का."

"आणि पाती किती घालू?"

"'अंदाजाने' लिवलं होतं तुमी. योगेंद्रनं वाचून दाखवलं मले. आता घ्या अंदाज."

अंदाज चुकला. ती एक घोट प्यायली, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि सगळा संपवला. मग म्हणाली, "थो उठते."

"कोण?"

"पोस्टमन. जरासा डोळा लागलता त्याचा. तिकडून पोरगा येते, घाट उतरून. तो खालून शोधून राह्यला, हा वरून येऊन राह्यला. अशी चुकामूक झालती एवढे दिवस." तिनं रिकाम्या कपात पाहिलं. "पोरगा त्याले घरी नेते. सून भाकर टाकते, वांग्याचं भरीत करते."

"हिरव्या मिरच्याचं?"

"हिरव्या मिरच्याचं. लिवून घ्या."

मी वही आणली. आज पहिल्यांदाच मला खरा शेवट ठाऊक होता. तरी मी तिचाच लिहिला. त्याच्या खाली मात्र एक ओळ वाढवली : 'पडद्यावर पोस्टमन वारतो. वरील शेवट आमच्या स्वयंपाकघरातला आहे.' मग मागचे चौदाही लेख उघडले आणि सात माणसांखाली आणि एका कुत्र्याखाली तशीच ओळ टाकली. मला वाटलं, आता लोक वाचायचे थांबतील. एकानं विचारलं, गिरणी चालते का नीट?

रूपरावांना मी कळवलं : 'आपण विचारलेला शेवट वर्ध्यातल्या कोणत्याही टॉकीजमध्ये दाखवत नाहीत. तो सिंदी मेघेला माझ्या घरी, साडेपाचनंतर, माझी पत्नी सांगते. आईंना घेऊन यावे. त्यांना झालेल्या त्रासाला मी जबाबदार आहे, आणि चहालाही मीच जबाबदार असेन.' शेवटचं वाक्य तीनदा खोडलं आणि शेवटी तसंच पाठवलं.

प्रमिलाला म्हटलं, आता चहा मी करत जाईन, तू सिनेमा पूर्ण पाहून ये. ती दोनदा बसली शेवटपर्यंत. एकात नायिका गेली, दुसऱ्यात बाप. तिसऱ्या वेळी सव्वापाचला उठून आली. नलूबाई एकट्या तिथं बसून राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी कुंपणावरून शेवट सांगायला लागल्या तर हिनं कानावर हात ठेवले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी रूपराव आईला घेऊन खरंच आले. ते अवघडून खुर्चीच्या टोकावर बसले, माझ्यासारखेच. त्यांना पाहून मला जरा बरं वाटलं. आई मात्र सरळ आत गेली आणि शेंगांच्या टोपल्याशी मांडी घालून बसली.

"त्या धाकट्या भावाचं सांग बाई," ती म्हणाली.

"वाचला ना थो," प्रमिलानं शेंग सोलली. "धरणाच्या खाली कोळ्यायचं जाळं होतं."

"काई वाचला नाई. म्या माह्या डोयानं पाह्यलं. हार घातला होता फोटोले."

"तुमी शेवटपर्यंत बसल्या होत्या?"

"हो तर. तिकीट काढलं होतं."

प्रमिलानं हातातली शेंग खाली ठेवली आणि त्या बाईकडे फार दयेनं पाहिलं.

"मंग चुकी तुमचीच हाये," ती म्हणाली. "शेवटपर्यंत बसाले कोणं सांगतलं होतं?"

 म्हातारीनं टोपलं जवळ ओढून घेतलं. "बरं. जाळ्यात अटकला. मंग?"

चहा उकळायला लागला होता आणि त्याचा आवाज होत होता. मी गॅस बारीक केला.