पाहुणे घोडबंदरला, समई डोंबिवलीला

मित्रांनो, मी एक जुनी पितळी समई आहे, आणि सध्या फार वैतागलेली आहे. जळून जळून वैतागले असं समजू नका. जळणं हे माझं कामच. त्याचा मला कधी शीण आला नाही. मी वैतागले ती न जळता नुसती उभी राहून.

माझा जन्म देवळाच्या सावलीत झाला नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नळाच्या तोट्या ओतणारी एक शेड होती, तिथे झाला. भगवान नावाचा ओतारी होता. एका दसऱ्याला मुशीत थोडा पितळेचा रस उरला, तेव्हा तो म्हणाला, "तोट्या काय रोजच्याच आहेत. आज जरा उजेड ओतू." लेथवर त्याने माझी मान घोटली, माथ्यावर हंस बसवला. हंसाची चोच जराशी वाकडी आली, पण भगवानला तो तसाच आवडला. तर मला तोटीची बहीण समजा. तिने पाणी द्यावं, मी उजेड द्यावा. फरक एवढाच, की तोटी सोडायला कुणी प्रमुख पाहुणे लागत नाहीत.

शेडमध्ये माझं बरं चाललं होतं. उन्हं कलली की ज्याचे हात मोकळे असतील तो मला लावी. तेलकट बोटांनी वात पुढे सरकवी, हात जोडी आणि पुन्हा मशीनकडे वळे. ना टाळ्या, ना फोटो. पुढे शेड बंद पडली. तिथे आता काचेची कचेरी आहे म्हणतात. मालकांनी मला डोंबिवली पश्चिमेच्या एका वाचनालयाला भेट दिलं. वाचनालयाच्या माडीवर कलादालन आहे. आणि तिथून, मित्रांनो, माझ्या नशिबी उद्घाटनं आली.

माझ्या पाच वाती. पहिली पाहुण्यांची, दुसरी अध्यक्षांची, तिसरी देणगीदारांची, चौथी चिटणिसांची. आणि पाचवीच्या वेळी कुणाला तरी आठवतं, "अहो, एखादी महिला पाहिजे!" मग पहिल्या रांगेतून एखाद्या बाईंना हाताला धरून उठवतात. वर पंखा गरगरत असतो. तो बंद करावा तर पाहुण्यांना उकडतं. चालू ठेवावा तर मी विझते. फोटोवाला ओरडतो, "सर, इकडे बघा!" सर तिकडे बघतात आणि मेणबत्तीचं मेण माझ्या तबकात गळतं. "सर, परत एकदा!" म्हणजे लागलेली वात पुन्हा लावायची. लागलेल्या वातीला पुन्हा कसं लावतात, हे मला आजवर कळलेलं नाही. भाषणं सुरू झाली की माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. वाती चरचरतात, धूर सोडतात, विझतात. कार्यक्रम संपला की उरल्या तेलासकट माझी रवानगी जिन्याखालच्या कपाटात, झाडू आणि जुन्या बॅनरांच्या शेजारी.

वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या विनिताताई होत्या तोवर त्या मला चिंच-मिठाने घासायच्या. "काय गं, किती काळवंडलीस!" असं माहेरवाशिणीला म्हणावं तसं म्हणायच्या. त्या निवृत्त झाल्या. आता उद्घाटनाच्या दिवशी एक ओलं फडकं फिरतं, तेही पुढच्या बाजूने. फोटोत पाठ कुठे येते?

यंदा कलादालनात इथल्याच तरुण पोरापोरींचं प्रदर्शन भरलं. प्रणितने टिटवाळ्याच्या नव्या इमारती रंगवल्या होत्या. शिवानीने जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्याची माणसं केली होती. आणि खाडीकाठच्या कोळीवाड्यातली दक्षता एकच मोठं चित्र घेऊन आली होती. तिने ते आतल्या दालनात अगदी दारासमोरच्या भिंतीवर लावलं आणि वरून आपली ओढणी टाकली.

"ए, हे काय? झाकून काय ठेवतेस? लग्नातली नवरी आहे का?" प्रणितने चिडवलं.

"आधी माझी आजी बघणार. मग तुम्ही सगळे."

"आणि आजी नापास बोलली तर?"

दक्षता हसली नाही. "चित्रात आबा आहेत. होडीवर उभे. मी त्यांना तसं कधी पाहिलंच नाहीये रे. मी लहान असतानाच होडी विकली. आता तर अर्धांग झाल्यापासून ते खाटेवरच असतात, बोलतही नाहीत. आजीने सांगितलं तसं काढलंय. आबा बरोबर आलेत का, हे एकटी तीच सांगू शकते."

प्रणितने मग काही चिडवलं नाही. मला पुढच्या खोलीत, दालनाच्या दारासमोर मांडताना तोही जरा जपून वागला.

उद्घाटन पाच वाजता होतं. मी साडेचारपासून नटून उभी. तबकात तेल भरलेलं, पाच वाती चोचींवर आडव्या, गळ्यात झेंडूचा हार. शेजारच्या ताटात मेणबत्ती आणि काडेपेटी. दालनाच्या दारावर लाल फीत बांधलेली आणि आत अंधार. फीत कापली की सगळे दिवे एकदम लावायचे, असा कलादालनाचे चिटणीस विठ्ठलराव यांचा बेत होता. विठ्ठलराव माणूस नेटका. कार्यक्रमपत्रिकेत आहे तसंच घडलं पाहिजे, नाहीतर त्यांना रात्री झोप लागत नाही.

पाच वाजले. पाहुणे नाहीत. साडेपाच झाले. खुर्च्यांवरचे आईबाप कार्यक्रमपत्रिकेने वारा घ्यायला लागले. विठ्ठलराव फोन कानाला लावून फेऱ्या घालत होते. "हो साहेब. घोडबंदर रोडला ना? ट्रक बंद पडलाय? असू द्या, असू द्या. आम्ही थांबतो. आपल्याशिवाय सुरुवात कशी होणार?"

झालं! साहेब तिकडे अडकले ते अडकले, इकडे आम्हा सगळ्यांना घेऊन अडकले.

तेवढ्यात सरस्वतीआजी आली. अंजिरी लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, कपाळावर घाम. आल्या आल्या दक्षताला म्हणाली, "गो, चल दाखव. शेजारच्या केशरबायला तुज्या आज्यापाशी बसवून आलेय. सातला ती बाजारान जायाची. मना त्याच्या आधी घरा पोचाला पायजे."

"आजी, अजून फीत कापली नाहीये. थोडं बस ना."

"मंग उद्याला येतू?"

"उद्या कोण बसणार आबांपाशी?"

उद्या कुणीच बसणार नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. आजी माझ्याच शेजारच्या खुर्चीवर टेकली. तिच्या हातांना मासळीचा आणि बर्फाचा वास होता, आणि चुडा सारखा किणकिणत होता. ती एकदा घड्याळाकडे बघे, एकदा त्या लाल फितीकडे. दक्षता विठ्ठलरावांकडे गेली. "काका, फक्त माझ्या आजीला आत सोडता का? दोन मिनिटं."

"अगं, असं कसं? उद्घाटनाआधी कुणालाही आत सोडता येत नाही. तुझ्या आजीला सोडलं तर बाकीच्यांनी काय पाप केलंय?" आणि ते पाहुण्यांच्या स्वागताला पुष्पगुच्छ घेऊन खाली फाटकापाशी गेले.

मित्रांनो, मी पितळेची. मला दात असते तर मी ते खाल्ले असते.

खिडकीबाहेर उजेड पिवळा झाला, मग राखाडी. समोरच्या इमारतीत एका घरात दिवा लागला, मग दुसऱ्या घरात. माझ्या अंगाला ती वेळ बरोबर कळते, शेडमधली सवय. तेल भरलेलं, वाती भिजलेल्या, दारात सांज येऊन उभी, आणि मी कोरडी बघत राहिलेली. याहून मोठा छळ समईचा कोणता?

आजी माझ्याकडे बघायला लागली. आधी नुसतीच. मग कपाळाला आठी घालून.

"प्रणित का काय रं तुजा नाव? ह्यो दिवा का नाय लावला?"

"आजी, तो चीफ गेस्ट लावणार."

"कवा?"

"येतील तेव्हा. घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये फुल अडकलेत."

"आनि सांज? ती पन थितंच अडकली काय?"

आजी उठली. मित्रांनो, तिला कुणाचा मान मोडायचा नव्हता, काही दाखवून द्यायचं नव्हतं. तिन्हीसांजेला भरलेला दिवा कोरडा ठेवायचा नसतो, एवढंच तिच्या हातांना माहीत होतं; आणि हात डोक्याला विचारत बसले नाहीत. तिने पदर डोक्यावर घेतला, काडी ओढली, खिडकीकडची वात पुढे सरकवली आणि लावली. लावताना अगदी हळू, स्वतःशीच म्हणाली:

सांजच्या पारी गो, खाडीला आला पानी
दिव्यान तेल घाल, येल गो माजा धनी

मी लागले. किती वर्षांनी कुणी मला घाईशिवाय लावलं होतं!

आणि मग जे व्हायचं ते झालं. दिवा लागलेला दिसताच सगळ्या खोलीचे हात आपोआप जोडले गेले. शिवानीची आई "शुभं करोति" पुटपुटली. प्रणितच्या बाबांनी चपला काढल्या. मागच्या रांगेतल्या कुणाला वाटलं उद्घाटन झालं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या की सगळेच वाजवतात.

"दिवा लागला ना? मग लागले सगळेच!" म्हणत प्रणितने दालनाची बटणं दाबली. आत लख्ख उजेड पडला. दक्षताने आजीचा हात धरला. आजीने ती लाल फीत कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी वर उचलली आणि खालून आत गेली. तिच्या मागून सगळे वाकून वाकून.

दक्षताने ओढणी काढली. मला चित्र दिसलं नाही. मधे आजी उभी होती. मला दिसली ती आजीची पाठ. ती पाठ बराच वेळ हलली नाही. चुडाही वाजला नाही.

"आजी, बोल ना काहीतरी. आबा आलेत का बरोबर?"

"त्योच हाय. खांदं त्याचंच. मान पन त्याचीच." आजी थांबली. "पन ह्यो जातोय गो."

"म्हणजे?"

"त्याचा तोंड समुद्राकडं केलंस तू. ह्यो जातोय. मी तुना येताना कसा दिसं त्यो सांगतलेला. जाताना मी कदी बघतलाच नाय त्याला. जानाऱ्याकडं बगत रहात नाय आमी. होडी येताना दिसली का मंग बंदरावर जायाचा. तवा त्याचा तोंड माज्याकडं असं."

दक्षताचा आवाज अगदी बारीक झाला. "मला वाटलं, समुद्राकडे बघताना तो मोठा दिसेल."

"मोठाच दिसतंय. पन जातंय. त्याला वळव."

"आजी, चित्रातला माणूस वळवता येत नाही गं."

"मंग दुसरा काढ. मी हाय ना सांगाला."

आणि तिने नातीच्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली.

एवढ्यात जिन्यावर धावपळ. विठ्ठलराव वर आले आणि माझ्यासमोर थिजले. "हे कुणी केलं? साहेब खाली आलेत! आल्या आल्या बाथरूम कुठे आहे विचारलं, म्हणून दोन मिनिटं मिळाली. विझवा! पटकन विझवा! प्रणित!"

"सर, मी नाही हां. माझी आई तिथेच उभी आहे, कानाखाली देईल."

"शिवानी?"

शिवानी दोन्ही हात मागे घेऊन उभी राहिली. मग विठ्ठलराव स्वतःच वाकले. त्यांनी गाल फुगवले. त्यांचा चष्मा माझ्या ज्योतीने उजळला आणि मला त्यांचे डोळे दिसले. तेही कुठल्याशा आईच्या हाताखाली वाढलेले असणार. दिव्यावर फुंकर मारू नये, हे तिने त्यांनाही शिकवलेलं असणार. गाल फुगलेले, फुंकर काही निघेना.

"काय करतोस रे भाऊ?" फितीखालून बाहेर येत आजीने विचारलं. ती घरी निघाली होती.

विठ्ठलरावांनी तोंडातली हवा नाकावाटे सोडली. "आजी, अहो, हा पाहुण्यांचा मान होता."

"मंग देस ना मान. चार वाती ठेवल्यात त्याला. मी येकच लावलेय." आणि ती चपला अडकवून लगबगीने जिना उतरून गेली. जिन्यात तिला एक घामाघूम गृहस्थ भेटले. तेच प्रमुख पाहुणे. आजी त्यांना म्हणाली, "सावकास जा बाबा, वर दिवा लागलाय."

साहेबांनी चार वाती लावल्या, फीत कापली, भाषण केलं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकवर ते चित्रांपेक्षा जास्त बोलले. पण तो कार्यक्रम मी ऐकलाच नाही. मी दक्षताला बघत होते. ती आपल्या चित्राखाली जमिनीवर बसून कागदावर पेन्सिल चालवत होती. एक पान फाडी, दुसरं घेई.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मला कपाटाकडे नेत असताना ती नवा कागद घेऊन धावत आली. अजून रंग नव्हता, नुसत्या रेघा. मोठं चित्र उतरवून तिने तो कागद भिंतीवर टेकवला आणि दूर जाऊन बघायला लागली. मला नेणारा माणूसही दारात थांबला.

मित्रांनो, तुम्ही मला घासलंत, पुसलंत तर उपकार होतील. पण त्यासाठी मी आज तोंड उघडलेलं नाही. एवढंच मागते: तेल-वात घातलीत आणि सांज झाली, की लावा. मोठ्या माणसासाठी म्हणून कुणाच्या आजीला ताटकळत ठेवू नका. पाहुणे परत बोलावता येतात. ज्यांच्यामागे घरी कुणी खाटेवर आहे, त्यांना परत कुठून बोलावणार?

त्या कागदावर होडीत एक माणूस उभा होता. ओला, दमलेला, जरासा हसरा. तो दाराकडे बघत होता, आणि तो येत होता.