दोन जगदेवी आणि एक जमा

मित्रांनो, हिशेबाचा एक जुना प्रोग्राम आहे मी. नांदेडच्या मोंढ्यात मृत्युंजयशेठच्या ठोक किराणा दुकानातल्या संगणकात माझा मुक्काम असतो. गिऱ्हाइकाकडून पैसे आले की ते कोणाचे आणि कोणत्या बिलापोटी, हे माझ्यात नोंदवतात. मग त्या बिलाची बाकी मिटते.

मला आणले तेव्हा हिशेब पाहणाऱ्या लुंबिनीताईंनी एकेक खाते हौसेने माझ्यात चढवले. "ह्याच्यामुळं जीव लई हलका झाला," असे त्या सगळ्यांना सांगत. पुढे माझी सवय झाली आणि कौतुक थांबले. पडद्यावर धूळ बसली, तरी मी काम करत राहिलो.

यंदा नवरात्राच्या तोंडावर जगदेवीबाई दुकानात आल्या. माहूरला त्यांची खानावळ आहे. भाविकांच्या गर्दीसाठी तांदूळ, डाळ, तेल न्यायला त्यांनी टेम्पो आणला होता. शेठनी माझ्यात पाहिले, तर त्यांचे मागचे बिल थकलेले.

"आधी मागचं द्या, मग माल उचला," शेठ म्हणाले.

"फोनवरून भरले की. मी काय खोटं बोलून राहिले का?"

दुकानातली माणसे वळून बघू लागली. बाईंचा चेहरा उतरला. ते पैसे कुठे चढले, हे माझ्या पोटात होते. पण विचारल्याशिवाय मला सांगता येत नाही.

लुंबिनीताईंनी बाईंच्या फोनवर पैसे भरल्याची तारीख पाहिली आणि त्या दिवशीच्या जमा माझ्यात उघडल्या. पैसे आले होते, पण इस्लापूरच्या दुसऱ्या एका जगदेवीच्या खात्यावर चढले होते. शेठनीच घाईत, गाव न पाहता नोंद केली होती. ताईंनी इस्लापूरला फोन लावला.

"हाव, मला पावती आली," तिकडून उत्तर आले. "पर मी तर काही भरलंच न्हाई. तुम्हाला इचारणारच होते."

ताईंनी ती जमा तिथून सोडवली आणि माहूरच्या बिलाला जोडली. बाकी शून्य झाली. शेठ उठून उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, चूक माझी हाय. माफ करा."

जगदेवीबाईंनी पदराने तोंड पुसले. "असू द्या. तेलाचे डबे आधी चढवा, लई उशीर झाला."

टेम्पो निघाला तेव्हा मलाही सुटल्यासारखे वाटले.

मित्रांनो, जमा कोणाची ते कळत नसेल, तर ती वेगळी ठेवायची सोय माझ्यात आहे. ती वापरा, आणि विचारून मगच जोडा. तुम्ही सांगाल तेच मी खरे धरतो. नोंद चुकली, तर मान मात्र दुकानात उभ्या असलेल्या माणसाला खाली घालावी लागते.