बजाचा पिंजरा

मित्रांनो, मी पिंजरा आहे. लोखंडी आणि आता बराच जुना. नाक मुरडलंत ना? मुरडा. माझ्या जागी एखादी छत्री किंवा शाळेची घंटा असती, तर तुम्ही मांडी घालून ऐकायला बसला असता. पण पिंजऱ्यालाही सांगण्यासारखं असतं, आणि मला तर काही कबूलही करायचं आहे.

माझा जन्म शिरूरला मीरासाहेबांच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. मला बनवून घेणारे बापूसाहेब भांडगावजवळ महामार्गावर हॉटेल चालवत. त्यांनी माप सांगितलं, चार फूट लांब, चार फूट रुंद, पाच फूट उंच. मीरासाहेबांनी जमिनीवर खडूने चौकोन आखून पाहिला.

"बापूसाहेब, येवढ्यात माकड ऱ्हायचं? आन् एकटंच?"

"मारुतीचं रूप हाय ते," बापूसाहेब म्हणाले. "ब्रह्मचारी देवाला जोडीदार कशाला लागतोय?"

दुसऱ्याच्या देवाबद्दल आपण काय बोलायचं, असं मीरासाहेबांना वाटलं असावं. ते कामाला लागले. काम मात्र त्यांनी चोख केलं. माझा एक सांधा आजवर निखळलेला नाही, आणि याचा मला पुष्कळ दिवस गर्व होता.

ज्याच्यासाठी मी बनलो, त्या माकडाचं नाव बजा. त्याची आई महामार्गावर गाडीखाली गेली आणि तिच्या पोटाला चिकटलेलं हे पिल्लू वाचलं. बापूसाहेबांनी ते सदऱ्यात गुंडाळून घरी आणलं. त्यांच्या पत्नी सोजराबाईंनी त्याला बाटलीने दूध पाजलं, मांडीवर झोपवलं. लबाड माणसं नव्हती हो ती. खरोखर जीव लावला त्यांनी. पण बजा मोठा झाला, एका गिऱ्हाइकाच्या हाताला चावला, आणि त्या आठवड्यात मी हॉटेलच्या दारात येऊन बसलो.

मग माझे थाटाचे दिवस सुरू झाले. मला शेंदरी रंग दिला गेला. शनिवारी लोक गाड्या थांबवून यायचे, मला रुईच्या पानांची माळ घालायचे, बजाला केळी द्यायचे, फोटो काढायचे. महामार्गावर इतकी हॉटेलं, पण मान होता तो आपल्याच हॉटेलला! मी नुसता फुगून गेलो होतो.

पहिल्या दोन वर्षांतच बजा डोलू लागला. दोन्ही हातांनी माझा गज धरायचा आणि डोळे अर्धवट मिटून पुढे-मागे, पुढे-मागे. सकाळी सुरू झाला की दुपारपर्यंत थांबायचा नाही. लोक हात जोडायचे. "बघा, भजनात कसा रंगलाय," म्हणायचे. बापूसाहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते रोज सकाळी गल्ला उघडण्याआधी त्याच्यासमोर हात जोडून उभे राहायचे.

मला ठाऊक होतं की ते भजन नव्हतं. त्याचे हात माझ्या गजांवर असायचे, त्यांची थरथर माझ्या अंगात उतरायची. त्याच्याजवळ करण्यासारखं काहीच नव्हतं. चढायला फांदी नव्हती, सोलायला शेंग नव्हती, आणि ज्याच्या अंगातल्या उवा वेचाव्यात असं आपल्या जातीचं कुणी नव्हतं. मग तो स्वतःच्याच डाव्या हाताचे केस वेचू लागला. केस संपले तेव्हा कातडी चावू लागला. हे सगळं माझ्या आत घडत होतं आणि मी बाहेरून शेंदरी दिसत होतो. याची मला लाज वाटते.

रक्त पहिल्यांदा सोजराबाईंनी पाहिलं. गोठ्यातल्या म्हशीला तपासायला डॉक्टर अनुपमा आल्या होत्या. सोजराबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना माझ्यासमोर आणलं.

"ताई, याचं काय बिघडलंय? खरं सांगा."

अनुपमाताईंनी वाकून त्याचा हात पाहिला. "एकटेपणानं झालंय हे. माकड कळपातला प्राणी आहे, मावशी. डोलणं, स्वतःला चावणं, हा त्याचा आजार आहे. त्याला सोबत हवी, हातांना काम हवं."

बापूसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मारुतीला सोबत? तोंड सांभाळून बोला, डॉक्टर!" त्यांनी ताईंना हाकलून दिलं. पण दोन दिवसांनी सोजराबाईंनी स्वतः फोन लावला. वन विभागाची गाडी आली तेव्हा त्या दारात उभ्या राहून नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "मी बोलावलंय त्यांना. हे पोरगं माझ्या मांडीवर वाढलंय."

अशा रीतीने बजा आणि मी इनामगावच्या बाजूला, घोड नदीच्या काठी, सोडवलेल्या प्राण्यांच्या एका केंद्रात आलो. अनुपमाताई तिथल्याही डॉक्टर होत्या. तिथे जाळीचं मोठं आवार होतं. त्यात आंब्याचं खोड, दोरखंड, टांगलेलं टायर होतं. मला आवारात मधोमध ठेवून माझं दार सताड उघडलं. मला वाटलं, आता हा उडी मारेल.

नऊ दिवस तो बाहेर आला नाही.

त्याची देखभाल रतनबाईंकडे होती. त्या बांबूच्या नळीत भुईमुगाच्या शेंगा खुपसायच्या, वाळल्या पाल्याच्या ढिगात हरभरे लपवायच्या आणि लांब जाऊन बसायच्या. "ये की रं बाबा, तुझ्यासाठीच हाय," असं पुटपुटायच्या. दहाव्या दिवशी बजाने एक हात बाहेर काढला आणि नळी ओढून घेतली. एक शेंग काढायला त्याला अर्धा तास लागला. तेवढा अर्धा तास तो डोलला नाही.

पुढे जाळीपलीकडे साळूला आणलं. साळू म्हणजे खेळ करणाऱ्यांकडून सोडवलेली म्हातारी माकडीण. ताईंना धाकधूक होती. दोघं भांडली असती, तर बजाला उरलेलं आयुष्य एकट्यानेच काढावं लागलं असतं. महिनाभर दोघांनी जाळीतून एकमेकांना हुंगलं. मग मधलं दार उघडलं. बजा आधी दात विचकून माझ्या कोपऱ्यात दडला. साळू सावकाश आली, दारात बसली आणि त्याचा चावलेला हात ओढून नव्याने उगवलेल्या केसांतल्या उवा वेचू लागली. बजाला काय करावं ते समजेना. इतक्या वर्षांत त्याला त्याच्या जातीच्या कुणी शिवलंच नव्हतं.

मागच्या शनिवारी बापूसाहेब टेम्पो घेऊन आले.

"कासुर्डीजवळ एक पिल्लू घावलंय. आई गेली त्याची. घरी हिच्या मांडीवर हाय. हा पिंजरा आता घिऊन जातो म्हणतो."

"पिल्लू इथं आणा, बापूसाहेब," ताई म्हणाल्या. "साळू सांभाळेल कदाचित."

"का? मी काय वैरी हाय व्हय? जीव लावला मी याला!"

ताई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी बापूसाहेबांना जाळीपाशी खुर्ची दिली. बजा आणि साळू खोडावर एकमेकांना टेकून बसले होते. तेवढ्यात आवाराबाहेर कुणाच्या तरी हातून पत्रा पडला. बजा घाबरून धावत माझ्यात शिरला, गज धरला आणि डोलू लागला. पुढे-मागे, पुढे-मागे. अजूनही होतं त्याला तसं.

बापूसाहेबांचे हात सवयीने जोडले गेले. मग त्यांनी बजाच्या हाताकडे पाहिलं, आणि जोडलेले हात हळूहळू खाली आले.

"आठ वर्सं रोज हात जोडलं मी," ते म्हणाले. "रडत व्हता की हो त्यो."

टेम्पो रिकामाच परत गेला. पिल्लाला ते इथे आणतील का, मला माहीत नाही. सोजराबाई आहेत, एवढीच आशा आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, रंग द्या, अडगळीत टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. कुणा मुक्या जिवावर प्रेम जडलं, तर आधी त्याला त्याच्या जातीची सोबत द्या, मग केळी द्या. आणि बजाला माझी गरज उरणार नाही त्या दिवशी मला विकू नका, कुणाला फुकटही देऊ नका. कासुर्डीचं ते पिल्लू अजून वीतभर आहे, पण तेही मोठं होईल. कटर आणा, आणि माझं दार आधी कापा.