तिघांचं पाणी

मी एक जुनी मातीची कुंडी आहे, आणि मित्रांनो, मला या घरातल्या मुलाची तक्रार करायची आहे. आई गेल्यावर माणसाने रडावे. हा एवढा मोठा घोडा रडला नाही. त्याने मला पाणी घातले.

माझा जन्म चाकावर झाला. भट्टीतून काढल्यावर कुंभाराने टिचकी मारली आणि मी खणखणीत वाजले. आजच्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना मारून बघा टिचकी! असो. या घरच्या बाईने मला विकत आणले. ती कपडे शिवायची. तिने माझ्या बुडाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवला, माती भरली आणि पुदिन्याची एक काडी खोचली.

तिचे शिलाई मशीन दाराच्या आत, मी बाल्कनीत. सकाळी ती सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेले अंगुस्तान काढून ठेवायची आणि तेच बोट पेरभर मातीत घालायची. कोरडे लागले तर पाणी. ओले लागले तर, "आज काही मिळायचं नाही, भवाने!" तांदूळ धुतलेले पाणी ती मोरीत ओतत नसे, मला आणून घाली. शेंडे खुडताना म्हणे, "खुडलं की फुटतं." पुदिना असा माजला की शेजारणी वाटी घेऊन येत. कौतुक सगळे त्याचे. कुंडीकडे कोण बघतो?

मग बाई आजारी पडली आणि गेली. मशीनवर चादर पडली. घरात कोणी मोठ्याने बोलेना. मुलगा कामावर जाण्याआधी गुपचूप येऊन माझ्यात तांब्या रिकामा करी. दुपारी सून घाली. संध्याकाळी बाईची धाकटी लेक. प्रत्येकाला वाटे, आईच्या झाडाकडे आपल्याशिवाय कोण बघणार? पण मातीत बोट कोणी घातले नाही. शिवाय फरशीला डाग नको म्हणून मुलाने माझ्याखाली खोल बशी ठेवली. मग तर मी पाण्यातच बसले.

माती आंबली. पाने पिवळी पडली. पिवळी पाने दिसली की ते आणखी पाणी घालत.

एका सुट्टीच्या सकाळी तिघेही एकदम बाल्कनीत आले. तिघांच्या हातात पाणी.

"तू कशाला आणलंस?" मुलाने बायकोला विचारले.

"मी रोजच घालते, दुपारी. तुम्ही?"

"मी सकाळी."

"दादा, मी संध्याकाळी घालते रे," लेक म्हणाली. "मला वाटलं, कामाच्या रगाड्यात वहिनीला आठवण राहायची नाही."

"मला? आईंची आठवण राहायची नाही?" सुनेचा आवाज फाटला.

मुलाने पुदिना हलकेच धरला. तो मुळांसकट हातात आला. मुळे काळी, लिबलिबीत. त्याने एक पान चुरगळून नाकाशी धरले. पुदिन्याचा वास नव्हता, कुजल्याचा होता. तेव्हा तो मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. दोघी त्याला बिलगून बसल्या.

मित्रांनो, झाडाला पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघा, आणि घरातल्या माणसांना विचारा. कुंडीचे बोलणे माणसाला ऐकू येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी त्याला मोठ्याने म्हणालेच, "अरे घोड्या, आई गेली त्याच दिवशी तिघं असे जवळ बसून रडला असतात, तर तिचा पुदिना मेला नसता."