उपग्रहाचे सोळा बोल्ट

मित्रांनो, मी एक जुना टॉर्कचा पाना आहे. धायरीतल्या बद्रीनाथशेठच्या वर्कशॉपमध्ये, कपाटावरच्या लाकडी पेटीत माझा मुक्काम असतो. साधा पाना बोल्ट नुसता आवळतो. किती आवळला याची त्याला फिकीर नसते. माझ्या मुठीत मात्र एक स्प्रिंग आहे. मूठ फिरवून माप लावायचं आणि बोल्ट तेवढा आवळला गेला की मी ‘टक्’ करतो. आयुष्यभर मी एवढाच एक शब्द बोललो. तो खरा निघावा, एवढीच माझी हौस.

भोसरीच्या एका कारखान्यात मी घडलो. परवान्यांची कटकट कमी होऊन परदेशी मोटारकंपन्या पुण्यात आल्या, तेव्हा त्यांची कामं मिळावीत म्हणून शेठनी मला विकत घेतलं आणि फिटर कादरभाईंच्या हाती दिलं. माझं नशीब थोर, मित्रांनो! काम संपलं की कादरभाई माझी मूठ उलटी फिरवून मला शून्यावर आणत, पुसत आणि मगच स्वतःचा डबा उघडत. स्प्रिंग दाबलेली राहिली की थकते, हे त्यांना ठाऊक होतं.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग एक दिवस रुपाली नावाची इंजिनिअर आली. तिच्या छोट्या कंपनीने एक उपग्रह बनवला होता, मंडईतल्या मोठ्या भोपळ्याएवढा. मार्केट यार्डाकडे निघालेले ट्रक कुठे पोचले, हे तो वरून व्यापाऱ्यांना कळवणार होता. एका मोठ्या रॉकेटवर त्याच्यासाठी भाड्याने जागा घेतली होती. त्याला बुडाच्या कड्यावर सोळा बोल्टांनी बसवायचं काम आमच्याकडे आलं. एखादा बोल्ट सैल राहिला, तर रॉकेटच्या हादऱ्यांनी सगळंच निखळणार होतं.

रुपालीने भिंतीवर कॅलेंडर लावून एकेक दिवस भरून टाकला. रॉकेटवाल्यांनी बजावलं होतं की ठरल्या दिवशी दुपारी बारापर्यंत उपग्रहाची पेटी पूर्व किनाऱ्यावरच्या तळावर आली नाही, तर कोणासाठी थांबणार नाही. तोल सांभाळायला तिच्या जागी तेवढ्याच वजनाचा लोखंडी ठोकळा जाईल. तीन वर्षांच्या मेहनतीच्या जागी ठोकळा! ती तारीख पोरीच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तरी खंडेनवमीचा दिवस तिला कोरा सोडावा लागला. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा असते, काम नसतं.

त्या साली रमजान आणि नवरात्र एकत्र आले होते. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आठ बोल्ट आवळून झाले आणि रोजा सोडायची वेळ झाली. झाडलोट करणाऱ्या यमुनाबाईंनी कादरभाईंना घाईने घरी पिटाळलं. पाना मी पुसून ठेवते, म्हणाल्या. त्यांनी मला मायेने पुसलं आणि तसंच पूजेत मांडलं. शून्याची गोष्ट त्यांना कुठे माहीत? सकाळी कादरभाई आले. माझ्या मुठीवरचं माप त्यांना दिसलं. पण माझ्यावर हळदकुंकू वाहून झालं होतं, आणि पूजेतलं अवजार दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. ते मागे सरले.

दसऱ्याच्या सकाळी दारात टेम्पो उभा होता. वैजनाथ ड्रायव्हरने त्याला झेंडूचा हार घातलेला. उरलेल्या आठांपैकी तीन बोल्ट झाले. चौथ्याला मी टक् केलं आणि कादरभाईंचा हात थांबला.

“मॅडम, पाना खोटं बोलतोय. लवकर वाजतोय,” ते म्हणाले.

रुपालीचा चेहरा उतरला. यमुनाबाई पुढे झाल्या. “माझ्यापायी झालं हाय हे. मीच तसा ठेवला.”

“नाही, बाई. मी काल बघितलं होतं. तुमच्या पूजेतून उचलायला हात धजला नाही. चूक माझी आहे.”

कादरभाई गप्प बसले असते तर टेम्पो वेळेवर सुटला असता आणि कोणाला काही कळलंही नसतं. त्या क्षणी मी लाजेने मेलो होतो. आज आठवलं की अभिमानाने ऊर भरून येतो.

शेठनी मला टॉवेलात गुंडाळलं आणि स्कूटर थेट बापूरावांच्या घरी नेली. हे बापूराव पाने तपासून प्रमाणपत्र देत. दार अर्धंच उघडून ते म्हणाले, “पाना घेऊन सोनं लुटायला निघालात वाटतं?” पण लगेच चपला घालून आपली तपासणीची खोली उघडायला गेले. मी शंभरात आठ कमी भरत होतो. त्यांनी माझी स्प्रिंग बदलली, पुन्हा पुन्हा तपासलं, आणि दुपारी आम्ही परतलो. ते चारही बोल्ट सोडवून मी नव्याने आवळले, उरलेले चार आवळले, पहिले आठही पडताळून पाहिले. सोळा वेळा टक् वाजलं, सोळाही वेळा खरं.

सहा तास उशिरा निघालेला टेम्पो ठरल्या दिवशी बाराला वीस मिनिटं असताना तळावर पोचला. ठोकळ्याचं खोकं उघडूनसुद्धा ठेवलं होतं, असं वैजनाथने परतल्यावर सांगितलं. उपग्रह वर गेला, बोलू लागला. रुपाली पेढे घेऊन आली आणि पहिला पेढा तिने कादरभाईंच्या हातावर ठेवला.

आता आकडे दाखवणारे नवे पाने आले आहेत. मी वर्षभर पेटीत पडून असतो, पण तक्रार नाही. ज्यांनी माझा शब्द खरा ठेवला, त्यांचा मी जन्माचा ऋणी आहे. मित्रांनो, तुमच्याकडेही राबणारी अवजारं असतील, माणसं असतील. काम झालं की त्यांचा ताण उतरवायला विसरू नका.

खंडेनवमीला पेन्शनीतले कादरभाई अजून येतात. पूजेआधी शेठ माझ्याकडून एक बोल्ट आवळून घेतात आणि कादरभाई मला शून्यावर आणतात. यंदा त्यांच्या थरथरत्या बोटांना माझी मूठ फिरवता येईना. यमुनाबाईंनी कुंकवाचा करंडा बाजूला ठेवला, मला हाती घेतलं आणि हळूहळू मूठ फिरवली.

“बघा बरं, कादरभाई, शून्यावर आला का?”

कादरभाईंनी चष्मा सारखा करून पाहिलं. “आला. आता लावा कुंकू.”