हलवलेलं औषध

रंगाऱ्याला एक खोड होती. बाटली असो की डबा, आधी खळखळ हलवणार, मगच झाकण उघडणार. सगळा जन्म भिंती रंगवण्यात गेलेला. तळाशी बसलेला रंग वर आणल्याशिवाय ब्रश बुडवायचा नाही, हे अंगात मुरलेलं.

त्या सकाळी सिस्टरने औषधाची छोटी बाटली ट्रेमध्ये ठेवली. "फ्रिजमधून आलीय, जरा गारपणा जाऊ दे," म्हणाली आणि सलाईनचा स्टँड आणायला गेली. बायको पलंगावर डोळे मिटून पडली होती. तिच्या यकृतातली गाठ कॅन्सरची, आणि त्या गाठीने नेहमीच्या कुठल्याच औषधाला दाद दिली नव्हती. आता हे नवं औषध, शेवटचा उपाय. डॉक्टरांनी समजावलं होतं, की यात चरबीचे अतिशय बारीक कण असतात आणि त्यांच्या पोटात जनुक भरलेलं असतं. कण गाठीच्या पेशींत शिरतात आणि ते जनुक त्या पेशींना मारतं. रंगाऱ्याला एवढंच कळलं होतं, की बायकोचा जीव त्या बाटलीत आहे.

आणि बाटलीतलं औषध दिसत होतं दुधाळ, पाणी घातलेल्या प्रायमरसारखं. तळाशी बसलं असणार, असं याला वाटलं. झालं! उचलली बाटली आणि दिली दणकून हलवून. आता काय म्हणावं या माणसाला!

वर फेस आला, तशी चूक ध्यानात येऊन त्याने बाटली घाईने ट्रेमध्ये ठेवली. गप्प बसावं, फेस विरेल, कुणाला कळतंय, असंही क्षणभर मनात आलं. खोटं कशाला बोला. पण बायकोकडे नजर गेली, आणि सिस्टर आत येताच त्याने सांगून टाकलं.

"अहो काका, हलवली?" सिस्टरचा चेहरा पडला. "कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात हो! हे आता नाही देता येणार."

"मग दुसरी बाटली?"

"तयार नसते ती. प्रयोगशाळेत विचारून बघते."

बायकोने डोळे उघडले. "पाळण्यातल्या पोरीलासुद्धा असेच गदागदा हलवायचे हे," ती सिस्टरला म्हणाली. हसत होती, पण नजर त्या बाटलीवरच होती. रंगाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोड्या वेळाने औषध बनवणाऱ्या बाई स्वतःच आल्या.

"मला काय हव्या त्या शिव्या द्या," रंगारी म्हणाला, "पण हिचं औषध चुकवू नका."

बाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली. "शिव्या कशाला? सांगितलंत हे फार बरं केलंत. न सांगता हे अंगात गेलं असतं तर..." पुढचं त्यांनी गिळलं. "सामान आहे शिल्लक. आजच परत बनवते."

दिवस कलताना त्या नवी बाटली घेऊन आल्या, तान्हं मूल धरावं तशी. रंगाऱ्याने आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. औषध नळीतून उतरू लागलं तरी बाई दारातून हलेनात.

"थांबू का जरा?" त्या अवघडून म्हणाल्या. "इतकी वर्षं यावर काम करतोय आम्ही, पण आजवर उंदरांनाच दिलं. डॉक्टर म्हणालेच असतील, माणसांत तुम्हीच पहिल्या."

"म्हणजे आता उंदरांची मोठी बहीण मी!" बायको म्हणाली. "या की मग, जवळ बसा."

काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन झाला. गाठ निम्म्याहून लहान झालीय, डॉक्टर म्हणाले. अजून औषध घ्यावं लागेल, पण गाठ हटतेय. रंगाऱ्याचा जीव भांड्यात पडला. लेकीला फोन लावायचा सोडून त्याने आधी बाईंना लावला.

"बाई, गाठ आटतेय!"

पलीकडे बाई कुणाकुणाला ओरडल्या, "अरे, इकडे या सगळे! लागू पडलं! माणसाला लागू पडलं!" खुर्च्या सरकल्या, टाळ्या वाजल्या, कुणीतरी चक्क रडायलाच लागलं. रंगाऱ्याला खूप बोलायचं होतं, तुमचे उपकार कसे फेडू वगैरे; पण त्या गलक्यात त्याचं कुणाला ऐकू जाईना.

"ताईंना द्या फोन," बाई म्हणाल्या.

त्याने फोन बायकोच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली. डोळे वाहत होते, पुसायचंही तिला सुचलं नाही.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "या तर माझेच आभार मानतायत. मी काय केलं हो? मी नुसती जगले."