कान्साच्या बुरुजाचं खालचं दार

मुर्झाकानने बुरुजाला तळाशी दार पाडलं, तेव्हा सगळ्या खोऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. अरे, स्वानेतीच्या डोंगरातल्या बुरुजाला कुणी जमिनीलगत दार ठेवतं का? बुरुजात शिरायचं ते भिंतीत उंचावर ठेवलेल्या भोकातून, शिडी लावून. आत गेलं की शिडी वर ओढून घ्यायची, मग खाली अख्खी फौज का येईना! पण मुर्झाकान आता सरदार झाला होता. बुरुजाला खेटून त्याने महाल बांधला, कोरीव खांबांचा, खालच्या मैदानी मुलखातले चितारी आणून भिंती रंगवलेला. त्याला दिवाणखान्यातून उठून थेट बुरुजात जायचं होतं. शिडी चढायला गुडघे कुरकुरत होते ना!

आणि बुरुज तरी कुणाचा? त्याच्याच घरी राबणाऱ्या मारेखच्या बापाचा. कान्साने स्वतःच्या हातांनी दगड रचून तो उभा केला होता, तळाला भिंत बैल आडवा मावेल एवढी जाड, वर जाता जाता निमुळती. बाप गेल्यावर मुर्झाकानने वेढा घातला. मारेखचे भाऊ जोखिया आणि सोर्तमान आतून लढले. बुरुज काही पडला नाही, पडणारच नव्हता. शेवटी मुर्झाकानने संत जॉर्जच्या चांदीच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतली, "खाली या, केसालाही धक्का लावणार नाही." पोरं खाली उतरली. त्या मेल्याने शिडीच्या पायथ्याशीच दोघांचे गळे चिरले.

मारेखला मात्र त्याने सोडलं. वर आणखी आपल्याच घरी चाकरीला ठेवलं, गाईंचं दूध काढायला. "त्या घरात पुरुषच उरला नाही. आता सूड कोण घेणार, ही गवळण?" असं पाहुण्यांना सांगून तो खो खो हसायचा. मारेख खाली मान घालून चरवी उचलायची. आतून नुसती जळायची. याला मारायचं आणि बापाच्या बुरुजातच मारायचं, एवढ्यासाठी ती दोन घास गिळून जगत होती.

दार तयार झालं त्या दिवशी महालात बैल कापला. भर दुपारी जवाची दारू वाहत होती.

"ए गवळणी," मुर्झाकान भरल्या पंगतीत ओरडला, "येतेस का बापाचा बुरुज बघायला? की रडू फुटेल?"

"येते की, सरदार," मारेख म्हणाली. "आधी वर जाऊन जळमटं झाडते. पाहुण्यांच्या डोक्यावर पडायला नकोत."

"बघा, बघा! कशी सुधारली!"

सगळे हसले. मारेख नव्या दारातून बुरुजात शिरली, आतल्या शिडीने वरच्या मजल्यावर चढली आणि तिने शिडी वर ओढून घेतली. शत्रूवर टाकायला बापाने रचलेले दगड अजून भिंतीशी होते. तिने त्यातला सगळ्यात मोठा ढकलत ढकलत, शिडीसाठी त्या मजल्याच्या जमिनीत ठेवलेल्या भोकाच्या काठाशी आणला.

खाली मुर्झाकान झोकात आला. मागून बायको रोदाम, धनुष्यं घेतलेले पहारेकरी, आणि दाराच्या बोळकांडीत पाहुण्यांची ही गर्दी.

"पंगतीतून उठलं की बुरुजात! आहे का कुणाकडे असं? अरे, पण शिडी कुठं गेली?"

"वर घेतली," मारेख म्हणाली.

त्याने मान वर केली. दगड दिसला तसा तोंडचा रंगच उडाला. मागे वळला, तर दारात माणसं खेटून उभी. पहारेकऱ्यांनी धनुष्यं ताणली, बाण थेट मारेखच्या छातीवर रोखले. तेवढ्यात रोदामने किंचाळून डोईवरचा रुमाल ओढला आणि मध्ये जमिनीवर फेकला.

बाईने डोईचा रुमाल टाकला की हत्यार खाली. मग समोर बापाचा खुनी का असेना. तिने तो परत उचलेपर्यंत कुणी पुरुष हत्याराला किंवा शत्रूच्या अंगाला हात लावत नाही. पहारेकऱ्यांनी मुकाट धनुष्यं खाली ठेवली.

मुर्झाकानच्या जिवात जीव आला. घाम पुसत, हसत तो पुन्हा भोकाखाली येऊन उभा राहिला. "संपलं! ठेव गं तो दगड. रुमाल पडलाय, डोळे फुटले का तुझे?"

"दिसतोय की," मारेख म्हणाली. "पण तो पुरुषांना अडवतो. आमच्या घरात पुरुष ठेवलास कुठं तू?"

आणि तिने दगड लोटला.

 मग मारेखने शिडी खाली सोडली आणि ती सावकाश उतरली. "बाईसाहेब, रुमाल उचला! अहो, उचला!" पहारेकरी गयावया करत होते. रोदामला कसली शुद्ध! नवऱ्याचं फुटलेलं डोकं मांडीवर घेऊन ती हंबरडा फोडत होती.

मारेख तिच्यापुढे थांबली. तिला दया आली नाही, आणि आली नाही याचं वाईटही वाटलं नाही.

"तुझ्या मांडीवर एकच आहे," ती म्हणाली. "माझ्या दोन होती."

पाहुणे बाजूला सरकले, आणि ती त्यांच्यामधून चालत बाहेर पडली.